उजवा दिवा जरा खाली

गोपाळच्या बायकोचा, कुसुमवहिनींचा फोन आला तेव्हा आम्ही तलासरीच्या बाजारात होतो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, एका गिऱ्हाइकाशी सुक्या बोंबलांवरून घासाघीस करत होती आणि मी पिकअपच्या फाळक्यावर बसून चहा पीत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "हरेशभाऊ, तुमचे मित्र गेले. सकाळी चहा मागितला, मी आत गेले, बाहेर आले तर..." मी फोन खिशात ठेवला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. माणूस असा का वागतो देव जाणे. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं, हातातला तराजू खाली ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "बाई, आज राहू दे." तिला काही सांगावं लागलं नाही. गेले दीड वर्ष गोपाळची तब्येत आमच्या घरातल्या माणसासारखी आम्ही रोज विचारत होतो.

गोपाळ म्हणजे आशागडचा गोपाळ वायरमन. ट्रक, टेंपो, ट्रॅक्टर, रिक्षा, ज्याला बॅटरी आहे ते सगळं तो दुरुस्त करायचा. रस्त्याला लागून पत्र्याचं दुकान, मागे घर, समोर बंद पडलेली भाताची गिरणी. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, अंगाने काटकुळा, खिशात कायम टेस्टर आणि कानावर अर्धी विडी. तीही न पेटवलेली. "पेटवली की संपते," म्हणायचा. बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती, आणि रागावला की ज्या भाषेत शिवी जास्त चांगली असेल ती भाषा.

आमची ओळख २०१४ सालची. आम्ही डहाणूच्या किनाऱ्यावरच्या आगर गावचे, पिढ्यान्‌पिढ्या होडीवरचे. मी थोरला असूनही समुद्र सोडला आणि एक जुनी पिकअप घेतली, कारण सुनंदाला मासळी घेऊन तलासरीच्या बाजारात वेळेवर पोचायचं तर भाड्याच्या टेंपोवर भरवसा ठेवता येत नव्हता. पहाटे आगरहून निघायचं, डहाणू मागे टाकून आशागड, तिथून चारोटी, मग हायवेला लागून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला गाडीतूनच हात जोडायचे आणि तलासरी. हायवेवर उजेड असतो, पण आशागड ते चारोटीच्या रस्त्यावर तेव्हा काळोख म्हणजे काळोख. दोन्ही बाजूंना झाडं आणि पाड्यांवरची माणसं रस्त्याच्या कडेने एकामागे एक चालत जाणारी, डोक्यावर मोळी किंवा टोपली, हातात बॅटरी असलीच तर ती पुढच्याच्या हातात. जुन्या गाडीचे दिवे मिणमिणते. कुणीतरी सांगितलं, गोपाळकडे जा, जादा दिवे लावून देईल.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. मी म्हटलं, "असे फोकस लाव की अर्धा किलोमीटर दिसलं पाहिजे." तो म्हणाला, "अर्ध्या किलोमीटरवर तुझं कोण राहतं?" मी म्हटलं, माझी गाडी, माझे दिवे. तो म्हणाला, "आणि समोरून येणाऱ्याचे डोळे, ते पण तुझेच काय?" मग त्याने त्याची ती रीत दाखवली, जी मी पुढे शेकडो वेळा पाहिली. गाडी गिरणीच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभी करायची. भिंतीवर कोळशाने एक आडवी रेघ मारलेली. दिव्याचा झोत त्या रेघेच्या वर जाता कामा नये. शिवाय डावा दिवा थोडा कडेला वळलेला, कारण माणसं कडेने चालतात. आणि हे सगळं भरदुपारी, दिवा न लावता! सुतळी ताणून, एक डोळा मिटून, ब्रॅकेट बोटभर इकडे, बोटभर तिकडे. मी म्हटलं, अहो, अंधार पडल्यावर दिवा लावून बघाल ना? तर म्हणे, "दिवा बंद असताना बसवायचा असतो. लागल्यावर काय, सगळेच हुशार." संध्याकाळी दिवे लावले तर झोताची वरची कड रेघेवर अशी बसली, जणू फूटपट्टी लावून आखली होती. त्या दिवसापासून अहो गेलं, अरे आलं.

खालच्या बाजूला दोन पिवळे दिवे लागले आणि वर्षभर मी खूश होतो. मग मला वाटायला लागलं की पिवळा उजेड मंद असतो. गोपाळकडे गेलो, टपाच्या पुढच्या पट्टीवर दोन पांढरे लावून घेतले. तो कुरकुरला पण त्याने लावले. आणखी काही महिने गेले. मला पुन्हा वाटायला लागलं की बॅटरी कमी पडतेय. त्याने बॅटरी तपासली, ठणठणीत. मी म्हटलं, काचा पिवळ्या पडल्यात. त्याने काचा पुसून दाखवल्या, स्वच्छ. समोरून येणारी गाडी दिसली की मला तिच्या दिव्यांभोवती मोठ्ठी झालर दिसायची आणि मी त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. सुनंदा बाजूला बसून म्हणायची, "अहो, त्याने डिपर मारला की कधीचा." मी तिलाही गप्प करायचो. माझा स्वभाव असा की चूक दाखवणारा माणूस मला आधी शत्रू वाटतो, मित्र नंतर.

मग ती पहाट आली. २०१६ चा हिवाळा होता, आशागडच्या पुढे थोडं धुकं. चारही दिवे लावलेले. अचानक डाव्या आरशाला काहीतरी घासलं, कडकड आवाज झाला आणि सुनंदा किंचाळली. मी ब्रेक मारून उतरलो तर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी खाली बसलेली, तिची लाकडाची मोळी सुटून सगळी विखुरलेली. आरसा मोळीला लागला होता, तिला नाही. वीतभर इकडे असती तर... सुनंदाने तिला उठवलं, पाणी दिलं, आम्ही दोघांनी लाकडं गोळा केली. म्हातारी धडधाकट होती, तिने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "एवढं दिवं लावलं हायेस गाडीला, न डोलं काय घरी ठेवून आलास?" मी हात जोडले. पण गाडीत बसल्यावर सुनंदाला काय म्हटलं असेन? म्हटलं, "डाव्या बाजूला उजेडच पडत नाही. गोपाळला सांगून आणखी दोन लावून घेतो."

दुसऱ्या दिवशी गोपाळला सगळं सांगितलं. त्याने काम थांबवलं आणि पोलिसासारखे प्रश्न विचारले. म्हातारी किती अंतरावर असताना दिसली? लुगडं कसलं होतं? पांढरं? मोळी केवढी? मी म्हटलं, "अरे दिसली असती तर लागली असती का?" त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "ठीक. परवा संध्याकाळी ये. दोन लावतो." मला आश्चर्यच वाटलं, कुरकुर नाही, टोमणा नाही.

परवा गेलो तर दोन नवे दिवे बंपरच्या दोन्ही टोकांना चकाचक बसवलेले. डॅशबोर्डवर नवा स्विच. अंधार पडला तसा तो बाजूला येऊन बसला, म्हणाला, "चल, फेरी मारू." चारोटीच्या रस्त्याला लागलो. त्याने नवा स्विच दाबला. बॉनेटखाली रिलेचा टक्‌ असा आवाज आला, स्विचमधला लाल ठिपका पेटला. "लागले," तो म्हणाला. "कसं वाटतं?"

"वा!" मी म्हटलं. "एक नंबर! याला म्हणतात दिवे!"

"नीट बघ."

"अरे नीट काय बघायचं, दिवस उजाडलाय! झाडाची पानं मोजून घे."

"गाडी बाजूला घे," गोपाळ म्हणाला. मी घेतली. त्याने आतला दिवा लावला आणि माझ्यासमोर मूठ उघडली. तळहातावर नखाएवढा पिवळा फ्यूज होता. त्या नव्या दिव्यांचा फ्यूज. त्याने दुकानातून निघतानाच तो काढून घेतला होता, दिवे लागलेच नव्हते. "दिवे सगळे बरोबर आहेत, हरेश," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून बरोबर आहेत. तुझ्या डोळ्यांत पडदा आलाय. माझ्या बापाला आला होता, तोही कंदील बदलत बसला होता."

खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी त्याला मारावंसं वाटलं. डोळे गेले म्हणजे गाडी गेली, गाडी गेली म्हणजे सुनंदाचा बाजार गेला, आणि मी थोरला असून होडी सोडून आलेला, मी परत कुठल्या तोंडाने जाणार होतो? मी म्हटलं, "तू वायरमन आहेस, डॉक्टर नाहीस. उतर खाली." तो उतरला. मी गाडी पुढे काढली. त्याला तिथे रस्त्यात सोडून... आजही आठवलं की कानशिलं तापतात. पण फार लांब गेलो नाही. पुढे रस्त्याच्या कडेला काहीतरी काळं दिसलं. उभं होतं, की बसलेलं होतं, की झाड होतं, मला कळेना. मी थांबलो. डोळे चोळले, काच पुसली, काळं ते काळंच. कालपर्यंत अशा काळ्याच्या बाजूने मी बेधडक गाडी काढत होतो. त्या दिवशी पाय ॲक्सिलरेटरवर जाईना. इंजिन बंद करून बसून राहिलो. घाम फुटला होता. बऱ्याच वेळाने मागून चपलांचा आवाज आला. गोपाळ माझ्या दाराशी आला, दार उघडलं आणि म्हणाला, "सरक तिकडे." मी सरकलो. त्याने गाडी चालू केली. ते काळं म्हणजे गवताचा भारा होता, कुणीतरी कडेला ठेवून गेलं होतं. गोपाळने गाडी त्याला वळसा घालून पुढे काढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही नेहमीप्रमाणे निघालो. हो, निघालो. सुनंदाला मी काही सांगितलं नव्हतं आणि तिच्या पाट्या भरून तयार होत्या. आगर ते आशागड कसा आलो ते माझं मला माहीत, बैलगाडीच्या वेगाने. आशागडच्या नाक्यावर मफलर गुंडाळून, हात आडवा करून गोपाळ उभा. "वहिनी, हरेशचा खांदा धरलाय," त्याने सुनंदाला सांगितलं. "काही दिवस मी चालवतो." आणि त्या दिवसापासून दीड महिना तो पहाटे आगरला यायचा, गाडी चालवायचा, आम्हाला तलासरीला सोडून, उजाडल्यावर मिळेल त्या वाहनाने परत जाऊन आपलं दुकान उघडायचा; दुपारी गाडी परत आणायला बाजारातला कुणीतरी ओळखीचा ड्रायव्हर मिळायचा. ड्रायव्हर म्हणून मात्र महाभयंकर माणूस! तीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. सायकलवालेसुद्धा आम्हाला मागे टाकून जायचे. बाजारात आम्ही सगळ्यांत शेवटी पोचायचो आणि सुनंदाची नेहमीची जागा दुसऱ्या बाईने धरलेली असायची. मी मधल्या सीटवर गाल फुगवून बसलेला. एकदा मी म्हटलं, "अरे, जरा दाब की!" तर म्हणाला, "तू खांदा सांभाळ." सुनंदा खिडकीकडे तोंड करून हसत होती. तेव्हा मला कळलं की खांद्याचं प्रकरण तिने एक दिवसही खरं मानलं नव्हतं. उलट तिनेच डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती आणि मी कबूल होण्याची वाट बघत होती. आठवडाभराने मी कबूल झालो.

दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, आधी एक, मग दुसरा. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली त्या संध्याकाळी गोपाळने मला गिरणीच्या भिंतीसमोर नेलं, ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि सहाच्या सहा दिवे लावले. मी दोन्ही हात डोळ्यांवर घेतले. "अरे बंद कर! हे काय लावून ठेवलंयस? माणूस आंधळा होईल!"

"तूच मागितलेस," तो म्हणाला आणि इतका हसला की कानावरची विडी खाली पडली. मी मात्र त्या भिंतीकडे बघत राहिलो. रेघ कोळशाची आहे हे मला माहीत होतं, पण ती मारताना त्याचा हात एका जागी थरथरला होता, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मला रडू आलं. गोपाळने लगेच दिवे बंद केले, म्हणाला, "डॉक्टरने रडायला परवानगी दिलीय का?" त्याने चार दिवे उतरवून पोत्यात घातले आणि बंपरवरचे दोन तेवढे ठेवले.

मग आमचा एक खेळच झाला. मी दुकानावर गेलो की तो बॉनेट उघडायचा, काहीतरी खुडबुड करायचा, कधी फ्यूज काढायचा, कधी नुसताच हात लावायचा. मग स्विच दाबून विचारायचा, "लागले की नाही?" मी सांगायचं. तो मूठ उघडून दाखवायचा, कधी भरलेली, कधी रिकामी. डॉक्टर वर्षाने तपासायचे, गोपाळ दर पंधरा दिवसांनी. तीन वर्षांत मी एकदाही चुकलो नाही, पण त्याचं समाधान होत नव्हतं. "आज बरोबर सांगितलंस, उद्याचं कोण सांगणार?" म्हणायचा.

दरम्यान त्याचीच तब्येत उतरणीला लागली. साखर होतीच, तिने आधी पाय धरला, मग मूत्रपिंड. दुकान बंदच राहू लागलं. दुकानासमोर बाज टाकून तो पडून असायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांना नावं ठेवायचा. "हा बघ, याचा डावा आकाशात बघतोय, तारे मोजतोय." कुसुमवहिनी सांगायच्या की नजरही आता कमी झालीय, ताटातलं नीट दिसत नाही.

जाण्याच्या तीन-चार दिवस आधी मी त्याला भेटायला गेलो. दिवेलागणीची वेळ. त्याला हसवायचं म्हणून मी ठरवलं, आज खेळ उलटा. नाक्यावरच गाडी थांबवून फ्यूज काढला आणि मुठीत धरला. गाडी गिरणीसमोर लावली, हेडलाइट चालू, खाली उतरून खिडकीतून हात घालून स्विच दाबला. टक्‌ आवाज झाला. त्याच्या बाजेशी जाऊन विचारलं, "गोपाळ, कसे वाटतात?" मला वाटलं होतं, तो ताडकन म्हणेल, फ्यूज कुठाय? त्याने मान वळवून गाडीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "छान आहेत. उजवा जरा खाली घे."

त्याने माझ्यासमोर मूठ उघडली होती, म्हणून मी आज रस्त्यावर आहे. पण मला माझी उघडता येईना. काय म्हणून उघडू? त्याचं कुठलं ऑपरेशन होणार होतं? मी निमूटपणे गाडीकडे गेलो, पान्याने उजव्या दिव्याचा ब्रॅकेट खाली घेतला. "बस?" "अजून बोटभर." घेतला. "बस." मग चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मी उठलो, त्याच्या पायावरची चादर सारखी केली. दोन पावलं गेलो असेन, मागून आवाज आला.

"हरेश, फ्यूज लावून जा. अंधारात जाऊ नको."

मी वळलो. तो हसत होता. "लबाडा," तो म्हणाला, "ताटातलं दिसत नाही मला, लांबचं दिसतं. बंपरला काहीतरी आपटलंय, ब्रॅकेट वाकून वर तोंड करून बसलाय, ते दिसायला दिवा कशाला लागतो?" चार दिवसांपूर्वी बाजारात बर्फाची पेटी उतरवताना बंपरला लागली होती. माझे नवे डोळे, आणि मला दिसलं नव्हतं. मी मूठ उघडून त्याला फ्यूज दाखवला. तोच आमचा शेवटचा खेळ.

त्याचं सगळं कार्य झाल्यावर आम्ही दोघं कुसुमवहिनींना भेटून निघालो. अंधार पडला होता. मी गाडी गिरणीच्या भिंतीसमोर घेतली. मी म्हटलं, "बॉनेट उघडतो. तो पिवळा फ्यूज आहे ना, तो काढ नाहीतर राहू दे, मला सांगू नकोस." ती उतरली. पदर खोचून बॉनेटमध्ये वाकली, काहीतरी खुडबुड केली, बॉनेट लावलं आणि बाजूला जाऊन उभी राहिली, एक मूठ बंद. मी स्विच दाबला. टक्‌.

"लागले की नाही?" तिने विचारलं.

मी समोर बघत राहिलो. भिंत हलत होती. रेघ कुठे होती, उजेड कुठे होता, काही कळेना.

"अहो, सांगा ना." तिचा आवाज बदलला. ती धावत खिडकीशी आली. "दिसत नाहीये का? पुन्हा डॉक्टरांकडे जायचं का?"

"नाही गं," मी म्हटलं. "थांब जरा."

तिने माझा चेहरा पाहिला आणि पदराचं टोक माझ्या हातात दिलं. मी डोळे पुसले, पुन्हा पुसले. मग हळूहळू भिंत जागेवर आली, आणि तिच्यावर ती कोळशाची रेघ, एका जागी हात थरथरलेली.

"लागलेत," मी म्हटलं. "आणि उजवा अगदी रेघेवर आहे."

सुनंदाने मूठ उघडली. रिकामी होती.